दुसरी सही

ताईच्या साखरपुड्यात नरोत्तम भावोजींनी अंगठी घालून घेतली, फोटोवाल्याने एक फोटो काढला, आणि तो दुसऱ्या फोटोसाठी बल्ब बदलतोय तोवर भावोजींनी ती अंगठी काढून आमच्या आईच्या हातात ठेवलीसुद्धा. मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाले होते, त्यामुळे जगातलं सगळं मला कळत होतं. मी मागच्या दाराने सरळ वाडीत धावले आणि पानवेलीत काम करणाऱ्या बायकांना ओरडून सांगितलं, "मोडलं! ताईचं लग्न मोडलं!" त्यातली एक बिचारी तर रडायलाच लागली. मग मीही लागले. एकटीला कसं रडू द्यायचं?

इकडे ओटीवर भावोजी आमच्या आजीला शांतपणे समजावत होते. "आजी, आमी हातात कायबी घालत नाय. अंगठी मशिनीत अडकते. आमच्यातल्या एकाचं बोट गेलं तसं."

"मग लग्न झाल्याची खूण काय रे तुझ्याकडे?"

"खूण कशाला? बायको असंल ना घरात."

मी डोळे पुसत परत आले तेव्हा सगळे पेढे खात होते. आजी म्हणाली, "या, आल्या बातमीदार!" ते नाव भावोजींनी उचललं आणि जन्मभर सोडलं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, तरी सरावलीच्या त्यांच्या घराचं फाटक वाजलं की आतून आवाज यायचा, "काय बातमी, बातमीदार?"

अंगठी ताईच्या पितळी डब्यात गेली. सणावाराला ती काढून पुसायची आणि परत ठेवून द्यायची. भावोजींचं बोट मोकळंच राहिलं.

ते विमानं दुरुस्त करायचे. मुंबईला ड्युटी, घर बोईसरजवळ. पण "दुरुस्त करतात" असं म्हटलेलं मला आवडायचं नाही. दुरुस्ती सायकलची करतात. मी लग्न होऊन सालवडला आले, तेव्हा शेजारच्या कारखान्यांतल्या साहेबांच्या बायकांमध्ये आपलंही काहीतरी वजन असावं म्हणून मी सांगायचे, "माझे भावोजी विमानात असतात." हे खोटं नव्हतं. असायचेच ते विमानात, फक्त विमान जमिनीवर असताना. एकदा एका बाईने विचारलं, "पायलट का?" मी नुसती हसले. तसं हसायला मला फार छान जमायचं.

त्यांचा हुद्दा काय, हे मात्र नेमकं सांगता यायचं नाही, कारण तो बदलत राहायचा. लागले तेव्हा हेल्पर, मग मेकॅनिक. लायसनची परीक्षा पास झाल्यावर जुने लोक त्यांना ग्राउंड इंजिनिअर म्हणायला लागले. पुढे कागदावर एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर झालं. ताईला फाटकावर पाटी हवी होती, नाव आणि खाली हुद्दा. भावोजींनी पालघरहून पाटी रंगवून आणली. नाव वर, ठसठशीत. खाली मोकळी जागा.

"हे काय? खालचं राहिलं की," ताई म्हणाली.

"ते ठरलं की लिहू."

ती जागा मोकळीच राहिली. ताईने काही दिवस धुसफुस केली आणि मग तिथे तोरण लटकवायला खिळा ठोकला.

घरात ते फार कमी बोलायचे, पण घरभर त्यांच्या सवयी पसरलेल्या होत्या. त्यांच्या सदऱ्याला वरचा खिसा नसायचा. इंजिनावर वाकताना खिशातलं पेन आत पडलं तर काय होतं ते त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि नंतर मला आठवडाभर पेनची भीती वाटत होती. दिवाळीला कोणी तयार सदरा दिला तर ते स्वतः सुईदोरा घेऊन खिसा शिवून टाकायचे. माझ्या लग्नात आहेराची पाकिटं सांभाळायला घरातला सर्वांत भरवशाचा माणूस म्हणून त्यांना बसवलं, तर या माणसाला ठेवायला खिसाच नाही. शेवटी जेवणाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या सासरच्यांना वाटलं, मुलीकडचा हा माणूस घरून डबा घेऊन आलाय.

स्वयंपाकघरात त्यांनी भिंतीवर एक फळी लावली होती. झारा, डाव, उलथनं, सगळं तिथे टांगलेलं, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली. एखादी वस्तू जागेवर नसली की तिची काळी आकृती आ वासून दिसायची. हत्यार विमानात विसरून राहू नये म्हणून तिकडे तशी पद्धत. ताईचा डाव कुठल्या विमानात राहणार होता कोण जाणे, पण तिच्या घरातलं उलथनं कधी हरवलं नाही हे खरं.

आणि सगळ्यांत मोठी सवय म्हणजे दुसरी सही.

विमानाचं सुकाणू, त्याच्या तारा, असल्या जिवाच्या भागाला हात लावला, तर ज्याने काम केलं त्याच्या एकट्याच्या सहीवर विमान सुटत नाही. दुसऱ्या माणसाने येऊन ते काम नव्याने, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि मग त्यानेही सही करायची. भावोजींनी हा नियम घरी आणला. घरात ना सुकाणू ना तारा, पण गॅस होता, विहिरीचा पंप होता, ओटीवर झोपाळा होता. ते काम करायचे आणि बघायला दुसऱ्याला बोलवायचे. ताई स्वयंपाकात असली की सालवडहून आलेली मी आयती सापडायची.

पहिल्यांदा त्यांनी बोलावलं तेव्हा सिलिंडरवर रेग्युलेटर बसवला होता. मी दारातूनच म्हटलं, "छान बसलंय."

"काय बघितलंस?"

"रेग्युलेटर."

"रेग्युलेटर मीपण बघितला. तू काय बघितलंस?"

मला वाटलं होतं, पाहुणी म्हणून कौतुकाला बोलावलंय. त्यांनी मला खाली बसवलं, नळीला भेगा आहेत का, वॉशर आहे का, वास येतोय का, सगळं बघायला लावलं आणि मगच चहा मिळाला. असल्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं मी ठरवलं होतं. पुढच्या रविवारी गेले.

एकदा सिलिंडर घेऊन येणारा नवा माणूस होता, उत्तरेकडचा. त्याने पटकन जोडून दिलं आणि निघाला, तर भावोजींनी त्याला थांबवून मला हाक मारली.

"चाचा, दूसरे को क्यों बुलाते हो? मैंने लगाया है ना," तो वैतागून म्हणाला.

"तूने लगाया है, इसीलिए," भावोजी म्हणाले. मग मी बघत असताना त्याला समजावत राहिले, "करने वाले की आँख उसी की तरफ से बोलती है, बेटा. तेरी भी, मेरी भी."

निवृत्त झाल्यावरही त्यांना बोलावणं आलं. मुंबईतच छोटी विमानं चालवणारी एक कंपनी होती, तिथे ते आठवड्यातून काही दिवस जायचे. आणि मग नियम बदलले.

मला जेवढं कळलं तेवढं सांगते. पूर्वी लायसनवर इंग्रजी अक्षरं असायची. एक अक्षर विमानाच्या सांगाड्याचं, एक इंजिनाचं, विजेचं वेगळं, रेडिओचं वेगळं. ज्याच्याकडे जे अक्षर, त्याने तेवढ्याच कामावर सही करायची. भावोजींकडे सांगाडा आणि इंजिन होतं. नव्या पद्धतीत अक्षरांचे अर्थ बदलले, पुढे आकडे लागले, आणि सांगाडा, इंजिन, त्यांच्याबरोबरची वीज हे सगळं एकाच माणसाला यायला हवं झालं. जुनं लायसन बदलून नवं मिळालं, पण त्यावर मर्यादा छापून आल्या, विजेच्या कामावर सही चालणार नाही म्हणून. मर्यादा काढायच्या तर परीक्षा द्या. आणि कंपनीने सांगितलं, मर्यादा निघाल्या नाहीत तर पुढच्या वर्षीपासून येऊ नका.

ते नवं लायसन त्यांनी आम्हाला दाखवलं. बराच वेळ बोटांत धरून बसले होते.

"आजवर मला काय येतं ते छापायचे," ते म्हणाले. "आता काय येत नाय ते छापलंय."

हुद्दाही पुन्हा बदलला होता. कंपनीच्या कागदावर आता ते 'सर्टिफाइंग स्टाफ' होते. आमचे हे तारापूरच्या कारखान्यात सुपरवायझरचे ऑफिसर आणि ऑफिसरचे एक्झिक्युटिव्ह झाले होते. ते म्हणाले, "साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. माझं नाव इतक्यांदा बदललं, काम अजून तेच बॉयलर बघायचं आहे."

भावोजी हसले नाहीत. "नाव काय पण ठेवू दे हो," ते म्हणाले. "सही राहिली पायजे."

आणि साठी उलटलेला तो माणूस विजेच्या परीक्षेला बसला, स्वतः शिकवून तयार केलेल्या पोरांच्या रांगेत.

अभ्यासाला मला बोलावलं. का, तर पुस्तक वाचून दाखवायला. "डोळे दमतात," म्हणायचे. "आणि या नव्या लोकांनी छपाई कशी केलीय बघ. ओळीचं शेवटचं टोक धड छापतच नाय." मी टोक बघायचे तर टोक छापलेलं असायचं. मी ते वाचायचे आणि पुढे जायचे. आम्ही दोघं तिथे बसलो होतो, एक जन्मभर बारीक भेगा शोधत आलेला आणि एक त्याच्या हाताखाली तयार झालेली, आणि दोघांपैकी एकालाही त्या टोकाचा संशय आला नाही.

माझं इंग्रजी मॅट्रिकचं. मी ज्या थाटात वाचायचे, त्या थाटात विमान उडालं असतं तर समुद्रातच उतरलं असतं. भावोजी प्रत्येक शब्दाला थांबवायचे. ताई भाजी निवडता निवडता म्हणायची, "दोघांना एकाच बाकावर बसवा. सुमन त्यांचं बघून लिहील."

पहिल्या खेपेला ते परत आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणाले, "आमी नापास." ताई हसली. मग तिला कळलं, ते खरं सांगतायत. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुंबईहून ताईला फोन केला आणि नुसतं एवढंच म्हणाले, "बातमीदाराला सांग, बातमी चांगली हाय."

नवं कार्ड आलं. मर्यादांच्या जागी काही नव्हतं. ताईने ते देवापुढे ठेवलं, कुंकू लावायला निघाली, तर भावोजींनी हात धरला. "डाग पडंल." मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. कंपनीने पुढची दोन वर्षं पक्की केली.

त्यानंतर दिवाळी आली. दिवाळीच्या आधी झोपाळा उतरवून फळीला पॉलिश करायचं आणि परत टांगायचा, हा दरवर्षीचा कार्यक्रम. फळीच्या चार कोपऱ्यांना चार कड्या. प्रत्येक कडी बोल्टने धरलेली, बोल्टला खालून नट, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालून तिचे पाय मागे वाकवायचे. भावोजींनी झोपाळा टांगला आणि हाक मारली.

मी गुडघ्यांची समजूत काढत खाली वाकले. मोबाइलचा उजेड पाडला. पहिला कोपरा बघितला, दुसरा, तिसरा. चौथ्याला नट होता आणि पिनेचं भोक रिकामं होतं.

मी मान वळवली. पिन भावोजींच्या उजव्या पायाशी, लादीवर पडलेली होती. दारात ताई चहा घेऊन उभी होती. तिलाही ती दिसली. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको.

किती सोपं होतं. पिन उचलायची, घालायची, वाकवायची. थाप मारायला मला जन्मात कधी जड गेलेलं नाही, हे तुम्ही वर वाचलंच आहे. पण त्या झोपाळ्यापुरतं ते नव्हतं, हे मला कळत होतं आणि ताईलाही. परवा हेच डोळे मुंबईत जाऊन विमानावर सही करणार होते.

"काय बातमी, बातमीदार?"

"चौथ्या कडीला पिन नाही, भावोजी."

"हाय. मी घातली ना."

"नाही. तुमच्या पायाशी पडलीय."

त्यांनी खाली बघितलं. अगदी तिच्याच बाजूला बघितलं.

"कुठे?" ते म्हणाले.

मी पिन उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली. मग खाली बसून चाचपत ती घातली, पाय वाकवले, आणि मला पुन्हा बघायला लावलं. मी बघून ठीक म्हटल्यावर त्यांनी चहा घेतला. तोवर तो गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले आणि साहेबांना सांगितलं, गेल्या काही महिन्यांत मी जिथे जिथे सही केलीय ते सगळं दुसऱ्याकडून तपासून घ्या. विमानं थांबवून तपासणी झाली. सगळं ठीक निघालं.

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. बाजूचं दिसणं बरंच गेलंय, गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवू. भावोजींचं लायसन कोणी काढून घेतलं नाही. कार्ड चालूच होतं. त्या नियमांत म्हणे लिहिलेलंच असतं, आपण धड नसलो तर सही करायची नाही. तपासायला कोणी येत नाही, आपणच सांगायचं. त्यांनी सांगितलं आणि घरी बसले.

ताई माझ्यावर जी बरसली, ती मी विसरणार नाही. "साखरपुड्याला पण तूच ओरडत गेलीस. तुझी जीभ तशीच राहिली. एक पिन घातली असतीस गुपचूप तर काय झालं असतं? एवढा अभ्यास केला, तीनदा परीक्षा दिली त्यांनी. आणि तपासलं तर सगळं ठीकच निघालं ना?"

भावोजी आतून म्हणाले, "ठीक हाय, हे तपासलं म्हणून कळलं. तिने बघितलं, जे दिसलं ते सांगितलं. तिला काय बोलू नकोस."

पण ताई बोलायचीच बंद झाली. संक्रांतीला आली नाही, माझ्या नातीच्या बारशाला आली नाही. मी रविवारी जायचे, भावोजींशी बोलायचे, ताई चहा आणून ठेवायची आणि आत जायची. भावोजींचं दिसणं हळूहळू कमी होत गेलं. स्वयंपाकघरातल्या फळीवरची जागा त्यांना हाताने कळायची. झारा टांगताना ते आधी भिंतीवरची काळी आकृती बोटाने चाचपायचे.

नंतर एका दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. इतक्या काळानंतर तिचा आवाज. "झोपाळा उतरवलाय. टांगायला कोणी नाही. येतेस?"

मी पाना आणि पक्कड पिशवीत घालून गेले. रिक्षावाल्याने विचारलं, "आजी, कुठे फिटिंगचं काम?" मी नुसती हसले. हसायला अजून जमतं.

मी आणि ताईने मिळून फळी धरली. बोल्ट घातले, नट आवळले, पिना घालून पाय वाकवले. झाल्यावर मी म्हटलं, "भावोजी, या. मी केलंय. दुसऱ्याने बघायला हवं."

ते भिंतीच्या आधाराने आले, फळीशी उकिडवे बसले आणि हात खाली घातला. तेव्हा मला ती दिसली. त्यांच्या बोटात अंगठी होती. कडीला लागून टिक वाजली. मी ताईकडे बघितलं.

"परवा मागून घेतली," ती हळूच म्हणाली. "म्हणाले, सही सुटली, आता कुठे अडकत नाय. साबण लावून चढवली. मी म्हटलं, नका घालू. डब्यातच बरी होती ती."

भावोजी अंगठ्याने एकेक पिन चाचपत होते. चौथ्या कोपऱ्याशी त्यांचा हात बराच वेळ थांबला.

"काय बातमी, भावोजी?" मी विचारलं.

"एक पाय कमी वाकलाय. लक्ष कुठे हाय, बातमीदार?"

मी पक्कड घालून वाकवला. त्यांनी पुन्हा हात फिरवला.

"ठीक," म्हणाले. आणि मग, जिथे ताई उभी असेल असं त्यांना वाटलं तिकडे तोंड करून, "बस आता."

ताई बसली. मला म्हणाली, "चहा घेऊन जा." घेतला. निघताना फाटकाशी वळून बघितलं. ती झोपाळ्यावर बसलेली, पाय लादीला टेकत नव्हते. भावोजी बाजूला उभे राहून कडी धरून तिला हळूहळू झोका देत होते, आणि प्रत्येक झोक्याला ती अंगठी कडीवर वाजत होती.